शेऱ्याचा रकाना

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी रजिस्टरात ‘निरंक’ लिहिलं, आणि सात वाजून बारा मिनिटांनी शेरा तीन पायांवर दारात आला. शाई अजून ओली होती असं सांगता आलं तर बरं दिसलं असतं, पण बॉलपेनची शाई लिहिल्याबरोबर वाळते. उजवा मागचा पाय त्यानं पोटाशी घेतला होता, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जाताना बाई साडीचा घोळ उचलते तितक्याच निगुतीनं. बाहेरच्या तीन पायऱ्या तो कसा चढला ते मी पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे रघुवीर साखळी धरून उभे होते. नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे, कारण दर ओळीला ‘आमचे हे’ लिहीत बसले तर कागद पुरायचा नाही. पेपर कोरा टाकून आलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर पोरांचे सगळे भाव माणसाच्या तोंडावर कायमचे वस्तीला येतात. मोरीत फुलाबाई भांडी घासत होती. ती वळली, हातातला साबण तसाच ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, ह्यो पाय तर नवा करून आनला हुता न्हवं?” मी रजिस्टर मिटलं आणि त्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला. ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. कोणाच्या काय काय लक्षात येत नाही याची एक यादी मी फार वर्षांपासून मनात ठेवत आले आहे. शेजारी आहेत त्यात, साहेब आहेत, रघुवीर तर पानोपानी आहेत. मी स्वतः त्यात नव्हते.

निरंक हा शब्द ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांना सांगावा लागतो. वरून विचारणा येते की तुमच्याकडे अमुक प्रकार घडला का, घडला असल्यास किती. आपल्याकडे काही घडलेलं नसतं. अशा वेळी ‘नाही’ लिहायचं नसतं, ‘निरंक’ लिहायचं असतं. पाहिलं आणि आढळलं नाही, असा त्याचा अर्थ. त्यातलं ‘आढळलं नाही’ हे शब्दात दिसतं. ‘पाहिलं’ हे लिहिणाऱ्याच्या इमानावर सोडलेलं असतं. सव्वीस वर्षं मी वेल्ह्याच्या एका कचेरीत हा शब्द लिहिते आहे. तालुक्याचं नाव आता कागदोपत्री बदललंय, माणसं मात्र अजून वेल्ह्यालाच येतात, आणि मी रोज भोरहून कापूरहोळ, तिथून गाडी बदलून नसरापूर, विंझर अशी त्यांच्या आधी पोचते. इतक्या वर्षांत माझं एकही निरंक खोटं निघालं नाही. मी हे प्रौढीनं सांगत नाही. म्हणजे, परवापर्यंत प्रौढीनंच सांगत होते.

रघुवीरांनी पुण्याला, जनावरांच्या डॉक्टर सुलक्षणांना फोन लावला. त्या म्हणाल्या, काही खायला देऊ नका, पाणीही नको, अकराला घेऊन या, बाराची जागा मी धरून ठेवते. बाराची जागा म्हणजे ऑपरेशनची. हे चौथं झालं असतं. पहिलं दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं. आतला दोर तुटला होता. हाड कापून, फिरवून, पट्टी लावून सहा स्क्रूंनी बसवलं. दुसरं त्याच गुडघ्याचं पाच महिन्यांनी, आतली गादी फाटली म्हणून. डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की एका गुडघ्याचा दोर गेला की दुसऱ्याचाही पुष्कळदा जातो, तयारीत राहा. तयारीत राहा म्हणजे काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. आम्ही तयारीत राहिलो म्हणजे वर्षभर त्याच्या उजव्या पायाकडे, लग्नाला आलेल्या मुलीकडे शेजारी बघतात तसं बघत राहिलो, आणि चौदा आठवड्यांपूर्वी तो गेलाच. ते तिसरं. “मान्साला दवाखान्यात खाट मिळंना,” फुलाबाई तेव्हा म्हणाली होती, “आन ह्याला तीनदा.” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी घरून स्वतःची जुनी गोधडी घेऊन आली, आमच्या सतरंज्या पातळ आहेत म्हणून. घरभर सतरंज्या आहेत आमच्या. फरशीवर पाय घसरू नये म्हणून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरल्यात. येणाऱ्याला वाटतं आज घरी भजन आहे.

गाडीची मागची सीट रघुवीरांनी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली आहे. तिथे गादी, गादीवर गोधडी, गोधडीवर शेरा, आणि त्याच्या बाजूला पाय दुमडून मी. तीस किलोचं जनावर. पोटाखालून टॉवेलची झोळी घालून दोघांनी त्याला आत घेतलं, आणि गाडी सुरू करताना रघुवीर म्हणाले, “काल रात्रीपर्यंत ठीक होता ना गं?” त्यांनी प्रश्न विचारला होता, की मला दिलासा देत होते, की स्वतःला, हे कळायला तोंड दिसावं लागतं, आणि ते आरशात अर्धंच दिसत होतं. मी म्हणाले, “हं.” हा ‘हं’ कोणत्या रकान्यात जाईल याचा विचार मी भोरच्या वेशीपासून सुरू केला. शेऱ्यानं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. तो धापा टाकत नव्हता, कण्हत नव्हता. धनगराचं कुत्रं दुखणं सांगत नाही. कळपाच्या कडेला बसून ते एकटंच निस्तरतं. दुखरा पाय मात्र जमिनीला लागू न देता त्यानं गोधडीवर असा ठेवला होता की तो त्याचा नसावाच.

त्याला आणलं तेव्हा तो माझ्या पर्समध्ये मावत होता. म्हादू म्हणून एक मेंढरंवाले आहेत, वेल्ह्याच्या वर डोंगरात त्यांची वस्ती आहे, दाखल्यासाठी वर्षातून तीनचारदा खाली येतात. एकदा आले ते घोंगडीत पिल्लू गुंडाळून. म्हणाले, “बाई, कुत्री व्याली. सात जनली. घरवाली सोजरा म्हनाली, ज्या बाईनं हेलपाटा वाचवला तिला एक देऊन ये.” मी म्हणाले, हे लाचेत धरतील. म्हादू म्हणाले, “मंग आवक करून घ्या.” टेबलाभोवतीचे सगळे हसले, आणि मी खरोखरच एका कोऱ्या वहीत तारीख घालून आवक केली: पिल्लू एक, रंग काळा, छातीवर पांढरा ठिपका. शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तो रकाना असतो शेऱ्याचा. नाव तिथूनच पडलं. शेजारची बाई समजते की वाघाबिघावरून ठेवलंय. मी तिला तसं समजू देते.

म्हणजे ते रजिस्टर माझ्याकडे पहिल्यापासून होतं म्हणायचं. पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टर सुलक्षणांनी एक छापील कागद दिला, रोज सकाळी भरा म्हणून. सपाट जागी उभं राहायचं, कुत्र्याला साखळीनं दहा पावलं पुढे न्यायला सांगायचं, दहा पावलं आपल्याकडे आणायला सांगायचं, आणि मागून व पुढून नीट बघायचं. पाय पूर्ण टेकतो का, बोटं टेकतो का, कंबर कोणत्या बाजूला वर जाते. मी त्या कागदाची वही केली. उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या. जाताना, येताना, सूज, औषध, शेरा. रघुवीर साखळी धरायचे, मी फाटकाशी उभी राहायचे, आणि चालून झालं की काही नसेल तर लिहायचे निरंक. दुसरं ऑपरेशन झालं ते या वहीमुळे. एका गुरुवारी मी लिहिलं होतं, ‘काल निरंक, आज एकदम उचलून, येताना कट् असा आवाज.’ डॉक्टर म्हणाल्या, इतकं नेमकं कुणी सांगत नाही, आणि त्याच दिवशी उघडून फाटलेला तुकडा काढला. महिन्यानं शेरा पळायला लागला. तेव्हापासून त्या दवाखान्यात माझी वही दुसऱ्यांना दाखवतात. बाहेर बाकावर बसलेली, आपल्या कुत्र्यांशी इंग्रजीत आणि एकमेकांशी मराठीत भांडणारी पुण्याची जोडपी माझ्याकडे मान लववून बघतात. मला ते आवडायचं. आवडायचं हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं समजायला ते लागेल.

कापूरहोळला टेम्पो आडवा झाला होता. गाडी थांबली. रघुवीर खिडकीतून डोकं काढून कुणाशी तरी बोलले, परत बसले, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला. त्यांना ताल येत नाही. मी मनात दिवस मोजत होते. मागच्या सोमवारपासून आजच्या मंगळवारपर्यंत नऊ. नऊ दिवस, नऊ निरंक, आणि त्यातलं एकही पाहून लिहिलेलं नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तेही खरं नव्हतं. खरं त्याहून वाईट होतं. मागच्या सोमवारी मी पाहिलं होतं. जाताना सातव्या की आठव्या पावलाला उजवा पाय टेकायला किंचित वेळ लागला. लंगडणं नव्हे. कुणी नाव विचारल्यावर सांगायला माणूस जेवढा थांबतो तेवढं. रघुवीर पाठमोरे होते, त्यांना दिसलं नसणार. येताना शेरा नीट आला, किंवा मी तोवर वहीत बघत होते. पेन उघडलं. आतून असं काहीतरी वर आलं की त्याला भीती म्हणणंही जास्त होईल. कंटाळा म्हणावं तर देव शिक्षा करील. चौदा आठवडे. टॉवेलची झोळी, बर्फाची पिशवी, आठ आठवडे पिंजऱ्यात बसलेलं ते कुत्रं आणि पिंजऱ्याबाहेर बसलेले आम्ही. दोन वर्षांत मी कोणत्याही लग्नाला पूर्ण थांबले नाही. रस्त्यात दुसऱ्यांची कुत्री चालताना दिसली तरी माझी नजर त्यांच्या मागच्या पायांवर जाते. म्हटलं, नाही. आज नाही. असं म्हटलं आणि लिहिलं निरंक.

दुसऱ्या दिवसापासून मी पाहिलंच नाही. कचेरीत येत्या सोमवारी तपासणी येणार होती, गठ्ठे बांधायचे होते, ती होईपर्यंत मी सहाची एसटी धरायला लागले. ही सबब मी इतकी नीट जुळवली होती की तिच्यावर कुणीही सही केली असती. वही पर्समध्ये घालून न्यायचे, जेवणाच्या सुट्टीत भरायचे, संध्याकाळी आणून टेबलावर ठेवायचे. मंगळवार निरंक. बुधवार निरंक. शुक्रवारी म्हादू आले होते. माझ्या टेबलासमोर उकिडवे बसले, बाकावर बसा म्हटलं तरी बसत नाहीत. मी डबा बाजूला सारून वही काढली, लिहिलं, मिटली. त्यांना वाचता येत नाही, पण वही ओळखतात. आवक त्यांच्या घोंगडीतूनच झालेली. म्हणाले, “शेऱ्याचं लिवता व्हय?”

“हो.”

“बरा हाय?”

“बरा आहे.”

म्हादूंनी तंबाखू मळायची थांबवली. “कुत्रं भोरात,” ते म्हणाले, “आन तुमी हितं. बगितला का नुसता लिवला?”

मी हसले. कचेरीत आम्ही खेडवळ माणसाच्या बोलण्यावर हसतो तसं. मी म्हणाले, सकाळी बघितला होता, आता लिहिला. त्यांनी मान हलवली. ज्या माणसाला आपण हसतो तो मान हलवतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, हेही मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे. मग म्हणाले, “आमी न्हाई लिवत. मेंढराच्या मागं चालतो. येखादं मागं ऱ्हायलं की कळतं, आज ऱ्हायलं का चार दिस मागं ऱ्हातंय.” आणि दाखला घेऊन गेले.

रविवारी तर मी घरीच होते. रघुवीर साखळी घेऊन फाटकात उभे राहिले, “येतेस ना?” म्हणाले. मी म्हणाले, हरभऱ्याची डाळ निवडायची आहे, तुम्ही फिरवून आणा. दुकानातली डाळ निवडलेलीच असते. मी ती ताटात पसरून वीस मिनिटं निवडत बसले, कान मात्र बाहेर. नखांचा आवाज ऐकत होते. चार पायांचा ताल असतो, टक टक, टक टक. त्यात एक जागा रिकामी पडतेय असं मला वाटलं आणि मी ताट जोरात हलवलं.

टेम्पो बाजूला झाला. हायवेला लागल्यावर शेऱ्याच्या गुडघ्यावर मी पहिल्यांदा हात ठेवला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. तो ऊन होता. दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पाहिला. तो इतका नव्हता. शेऱ्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि परत डोकं टाकलं. जनावरं माफ करतात असं लोक म्हणतात. मला वाटतं त्यांच्याकडे तो रकानाच नसतो.

डॉक्टर सुलक्षणा माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं, आणि कुत्र्याशी बोलताना आवाज बदलत नाहीत, हा त्यांचा गुण मी पहिल्याच दिवशी टिपला होता. त्यांनी शेऱ्याला टेबलावर घेतलं, गुडघा वाकवला, सरळ केला, आतल्या बाजूला अंगठा दाबला. शेऱ्यानं मान फिरवून त्यांच्या मनगटाजवळ तोंड नेलं. चावला नाही, फक्त तोंड नेऊन ठेवलं. मग एक्सरेचा फोटो काढला. काचेवर लावून त्या बराच वेळ बघत होत्या. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

“हाड छान भरलंय. पट्टी जागेवर आहे,” त्या म्हणाल्या. “या खालच्या स्क्रूभोवती बारीक काळी कड दिसतेय. पण मागच्या फोटोतही होती थोडीशी, त्यामुळे एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. आता काका, ताई, दोन शक्यता आहेत. एकदम आलं असेल तर गादी फाटली, डाव्या पायासारखी. मग आजच बाराला उघडते, तुकडा काढते, पंधरा दिवसांत चालेल. पण हळूहळू वाढत आलं असेल तर पट्टीला जंतू धरलेत. मग आज उघडणं चूक. मी आत गादी शोधत बसेन आणि जंतू सांध्यात पसरेल. मग पाय वाचवणं अवघड. एकदम की हळूहळू, एवढंच मला हवंय.”

“एकदम,” रघुवीर म्हणाले. “नऊ दिवस काही नाही. वही आहे ना.” आणि त्यांनीच माझ्या पर्समधून वही काढून डॉक्टरांपुढे उघडी केली, निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक पालकांपुढे ठेवावं तशी. डॉक्टरांचं बोट शेऱ्याच्या रकान्यातून खाली उतरायला लागलं. निरंक. निरंक. माझं अक्षर चांगलं आहे. एकसारखं आहे. नऊही निरंक एका माणसानं एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसत होती. ते दुसऱ्या पाहणाऱ्याला कळेल का, ठाऊक नाही, मला कळलं असतं. भिंतीवरचं घड्याळ अकरा चाळीस दाखवत होतं. आत कुणीतरी भांड्यात हत्यारं मांडत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, एकदमच आलं असेल. सकाळी तीन पायांवर आला, ते एकदमच की. तो सोमवार म्हणजे माझ्या डोळ्याचा खेळ. ऊन गुडघा म्हणजे गाडीतली ऊब. म्हणजे न बोलता राहिलं तर जे होईल ते बरोबरच होईल, आणि बरोबर झालं तर नऊ दिवस आपोआप खरे ठरतील. एवढा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या पुरा केला. त्यात चूक नव्हती. फक्त तो पाय माझा नव्हता.

डॉक्टरांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “आजचंही निरंक?”

“घाईत लिहिलं,” मी म्हणाले.

“म्हणजे चालणं बघायच्या आधी?”

“हो.”

त्या हसल्या. “चालतं. मीही कधी कधी आधीच लिहून टाकते.” हातमोजे काढायला लागल्या, आणि एक काढून झाल्यावर सहज, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, “फक्त आजचंच ना?”

सहज विचारलेल्या प्रश्नाला सहज उत्तर देता येतं. मला ते येतं, तो माझा धंदा आहे. ‘हो’ म्हणायला जीभ वर उचलावीसुद्धा लागत नाही.

“नाही,” मी म्हणाले.

दुसरा मोजा अर्धा हातात राहिला.

“नऊही. सोमवारी मी बघितलं होतं. जाताना उजवा टेकायला वेळ लागला. थोडासाच. मी निरंक लिहिलं. मग बघितलंच नाही. कचेरीत बसून भरलं.” माझा आवाज अहवाल वाचल्यासारखा येत होता, आणि तो तसाच येतोय याची मला मदत होत होती. “गुडघा ऊन आहे. कधीपासून, मला माहीत नाही.”

रघुवीरांकडे मी बघितलं नाही. पण ते बोलले, आणि बोलायच्या आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवल्याचा आवाज आला.

“गुरुवारी मला दिसलं होतं,” ते म्हणाले. “येताना. बोटांवरच टेकत होता. शनिवारी परत.”

“मग सांगितलं का नाही, काका?” डॉक्टर म्हणाल्या.

“संध्याकाळी वही बघितली. निरंक होतं. माझ्या या डोळ्याचं मोतीबिंदूचं झालंय मार्चमध्ये. म्हटलं, आपल्यालाच काहीतरी दिसतंय. हिचं चुकत नाही.”

त्यांनी रागावून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते तसं म्हणाले नव्हते. पावसाचं प्रमाण सांगावं तसं म्हणाले होते. तीस वर्षं मी या माणसाला विसरभोळा, भाबडा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा म्हणून टिपत आले, आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्या अक्षरापुढे दोनदा खोटं ठरवलं होतं. माझ्या यादीत हे कुठेच नव्हतं.

डॉक्टरांनी आत जाऊन बाराची जागा सोडून द्यायला सांगितलं. परत आल्या त्या बारीक सुई घेऊन. गुडघ्यावरचे केस काढले, औषध लावलं, मला म्हणाल्या, “डोकं तुम्ही धरा.” मी धरलं. सुई आत गेली तेव्हा शेऱ्याचं सगळं अंग एकदा ताठ झालं आणि माझ्या कोपरात त्याचा श्वास थांबला. सिरिंजमध्ये जे वर आलं ते निवळ असायला हवं, हे मला मागच्या वेळेपासून माहीत आहे. तेलासारखं, किंचित पिवळसर. हे ताकाच्या रंगाचं होतं. डॉक्टरांनी ते उजेडात धरलं, मला दाखवलं नाही, पण लपवलंही नाही.

“हळूहळू,” त्या म्हणाल्या. “तपासायला पाठवते. आजच औषध सुरू करते, इथेच ठेवते चार दिवस. ताप उतरला की पट्टी काढायची. ऑपरेशन टळलेलं नाही, फक्त आजचं टळलंय.”

“पाय राहील?” रघुवीरांनी विचारलं.

“मागच्या सोमवारी आला असतात तर हो म्हटलं असतं. आज म्हणते, बघू.” त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नाही, पण तिथे दुसरं कुणी नव्हतं ज्याला ते लागावं. मग म्हणाल्या, “औषध देण्याआधी चालणं एकदा नोंदवून हवंय. पुढे बरं होतंय की नाही ते याच्याशीच ताडणार. एक कोरा कागद देते.”

त्यांनी कागद आणि पेन सवयीनं माझ्यापुढे केलं. मी हात पुढे केला नाही. कागद हवेत राहिला, आणि डॉक्टरांनाही तो मागे घ्यावा की कसं ते कळेना. मला वाटलं आता रघुवीर घेतील, आणि इथून पुढे सगळ्या वह्या त्यांच्याकडे जातील. जाव्यात, तेच योग्य. त्यांनी घेतला. खिशातून चष्मा काढून नीट लावला, कागद भिंतीवर टेकवला, तारीख घातली. मग साखळी त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली.

“तू बघ,” मला म्हणाले. “मी लिहितो.”

बाहेरचा व्हरांडा लांब होता. बाकावरची माणसं आपापली कुत्री पायाशी ओढून बसली. डॉक्टर शेऱ्याला घेऊन टोकापर्यंत गेल्या आणि वळल्या. मला मान खाली घालावीशी वाटली, आणि तेवढ्यात तो निघाला. माझ्याकडेच येत होता, कान मागे, डोळे माझ्यावर, येण्याची इतकी घाई की तीन पायांनी ती भागत नव्हती.

“उजवा मागचा,” मी म्हणाले. “उचललेला आहे. टेकवत नाही.”

पेनचा आवाज आला.

“डाव्यावर सगळा भार. कंबर उजवीकडे वर जाते. चौथ्या पावलाला थांबला.” माझा आवाज आता अहवालासारखा येत नव्हता, पण थांबला नाही. “आता टेकवला. फक्त बोटं. परत उचलला. थरथरतोय.”

“पुढे,” रघुवीर म्हणाले.